तीन आवाजांचे आप्पा

आप्पांसमोर गाणं लावू नये. पहिला अंतरा संपायच्या आत ते गाण्यातली माणसं मोजतात आणि दुसरा सुरू होईपर्यंत निम्म्यांना कामावरून कमी करतात. "व्हायोलिनं वीस कशाला? सगळे तेच तर वाजवून राहिलेत. एक ठेवा. हा बासरीवाला मुखडा झाला की नुसता बसून असतो, मधल्या वेळात ठेका त्याच्याकडे द्या. आणि ही कोरसमधली मंडळी कोणाच्या शिफारशीने लागली?" एवढं होईपर्यंत गाण्यात तीन जण उरतात. चौथा फारच गयावया करायला लागला तर त्याला खरखर करायच्या कामावर घेतात. मग आप्पांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. "आता बसेल," म्हणतात.

बसेल म्हणजे चिपमध्ये बसेल. आप्पा जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर संगीत करतात. कॉम्प्युटरवरचं संगीत म्हटलं की हल्लीच्या पोरांना लॅपटॉप आठवतो. त्यात शंभर वादक झोपलेले असतात आणि बोट लावलं की उठून वाजवतात. आप्पांचं यंत्र त्यातलं नव्हे. त्याची एकूण स्मरणशक्ती ४८ किलोबाइट. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या सुप्रभाताच्या गुलाबात त्याहून जास्त ऐवज असतो. आवाजाच्या चिपला एका वेळी तीन सूर काढता येतात आणि सोबत एक खरखर. तिन्ही सुरांचा पोत एकच: वीज चालू, वीज बंद, चालू, बंद. जळगावच्या माणसाला या पद्धतीचं वेगळं शिक्षण द्यावं लागत नाही.

आप्पांचं आडनाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ही एक जात आहे आणि ती गावोगाव सापडते. नेमका पाहुणे यायच्या वेळी उघडा पडलेला टेपरेकॉर्डर, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर, बोटांना राळेचा वास आणि समोरच्याला समजतंय की नाही याची जराही फिकीर नसलेला उत्साह, एवढ्यावरून ती ओळखता येते. आमचा नमुना सहकार खात्यातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालेला आहे. दूध सोसायट्या, विकास सोसायट्या आणि पतपेढ्यांची दप्तरं तपासण्यात त्यांची हयात गेली. संस्थांना अ, ब, क, ड असे वर्ग देण्याची सवय निवृत्तीनंतर सुटेना, म्हणून ती गाण्यांकडे वळली. जुन्या हिंदी गाण्यांना सरसकट ब वर्ग आहे. शेरा ठरलेला: "चाल उत्तम. वाद्यवृंदावर अनाठायी खर्च."

यंत्र घरात आलं ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने इंग्लंडच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लसची देशी आवृत्ती काढली होती, तिचं नाव डीबी स्पेक्ट्रम प्लस. काळी, चपटी, वहीएवढी पेटी. पडदा म्हणून घरचाच टीव्ही लावायचा आणि प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर ठेवायचे. महागाई भत्त्याची थकबाकी हातात आली होती. सोसायट्यांचे ताळेबंद घरच्या घरी होतील, असं आप्पांनी काकूंना सांगितलं. त्या यंत्रावर आजपर्यंत एकही ताळेबंद झालेला नाही. उलट रविवारी सकाळी दूरदर्शनवर महाभारत लागायची वेळ झाली, गल्लीतली माणसं ओट्यापासून आतल्या खोलीपर्यंत येऊन बसली, आणि टीव्हीला लावलेली ती पेटी काढायला आप्पा तयार होईनात, असा प्रसंग घडल्याचं काकू सांगतात. आप्पांचं म्हणणं, कुरुक्षेत्र दर रविवारी होतं, पण तेव्हा त्यांना नेमका कोमल रिषभ सापडत आला होता.

मूळ यंत्रात आवाजाची वेगळी चिपसुद्धा नव्हती. एक लहानसा स्पीकर आणि त्याच्याकडे जाणारा एकुलता एक बिट. तो बिट एक केला की स्पीकरचा पडदा पुढे, शून्य केला की मागे. सेकंदात ४४० वेळा असं मागेपुढे केलं की एक सूर निघतो. हे मागेपुढे करायचं काम खुद्द मुख्य प्रोसेसरने करायचं, आणि बीप नावाची आज्ञा चालू आहे तोवर त्याने दुसरं काही म्हणजे काही करायचं नाही. पडद्यावर ठिपका हलणार नाही. कळ दाबली तरी तो मान वर करून बघणार नाही. आप्पांना त्या प्रोसेसरबद्दल आदर आहे. "एका वेळी एक काम, तेही मुकाट्याने. असा कारकून उभ्या नोकरीत भेटला नाही."

याच एका बिटातून इंग्लंडमध्ये टिम फॉलिन नावाच्या विशीसुद्धा न गाठलेल्या पोराने एकाच वेळी अनेक वाद्यं वाजल्याचा भास उभा केला होता. प्रोसेसरला एका सुरावरून दुसऱ्यावर इतक्या वेगाने पळवायचं की कानाला सगळे एकदम ऐकू यावेत, ही त्यातली युक्ती. आप्पांच्या खोलीत फॉलिनची तसबीर नाही, कारण चेहऱ्याचा आप्पांना उपयोग नाही; त्याचा प्रोग्रॅम मात्र ओळीओळीने वहीत उतरवलेला आहे आणि प्रत्येक ओळीशेजारी हिरव्या शाईची बरोबरची खूण आहे. तपासलं, योग्य आढळलं.

आप्पांची खरी ठेव म्हणजे स्पेक्ट्रमच्या १९८२ सालच्या मूळ पुस्तकाची झेरॉक्स. स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिलेल्या त्या पुस्तकाचं एकोणिसावं प्रकरण बीपवर आहे. उदाहरणाला मालरच्या पहिल्या सिंफनीतला तुकडा दिला आहे. तो आप्पांनी कधी वाजवला नाही. त्यांचा जीव आहे तो त्यापुढच्या एका वाक्यात. भारतीय संगीतासारख्या काही संगीतांत अर्ध्या स्वराहूनही लहान अंतरं वापरतात आणि बीपला तीसुद्धा सांगता येतात, असा त्याचा आशय. बीपच्या हिशेबात एक म्हणजे अर्धा स्वर, तेव्हा ०.५ लिहिलं की पाव स्वर हजर. हे पान लॅमिनेट केलेलं आहे. येणाऱ्याला पाणी मिळण्याआधी ते पान मिळतं. "बघा भो," आप्पा म्हणतात, "केंब्रिजच्या कंपनीला आपल्या श्रुतींची काळजी होती. अन् आपली पोरं हार्मोनियमवर भैरव शिकतात!"

पाहुणा हार्मोनियमवाला असेल तर तो इथेच उठतो.

पुढे आप्पांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एवाय-३-८९१२ ही चिप आणली आणि छिद्रांच्या बोर्डावर बसवून यंत्राच्या पाठीला जोडली. नंतरच्या १२८ किलोबाइटच्या स्पेक्ट्रममध्ये हीच चिप होती. आता सूर तीन झाले आणि प्रोसेसर मोकळा झाला. घरात वैभव आलं तसे हिशेबही वाढले. यंत्राचं घड्याळ सेकंदाला ३५ लाख ठोके देतं, चिपला त्यातले निम्मे मिळतात. त्याला १६ ने भागलं की १,०९,३७५. या रकमेला ज्या पूर्ण संख्येने भागाल तो तुमचा सूर. पूर्ण संख्याच, अपूर्णांक चिपला मान्य नाही. आप्पा प्रत्येक राग रोजकीर्दीच्या वहीत मांडतात. डाव्या बाजूला स्वर, उजव्या बाजूला भाजक, पानाच्या तळाशी बेरीज. रागाची बेरीज कशासाठी, हे विचारायचं धाडस अजून कोणी केलेलं नाही.

या भागाकारात एक मेख आहे. खालच्या सुरांना भाजक मोठा लागतो, २२० हर्ट्झला ४९७. तिथे एकाने कमीजास्त केलं तर सूर इतका किंचित हलतो की रिषभाचं आंदोलन घ्यावं तर असं. पण वर चढत गेलं की भाजक लहान होत जातो. ६२ ने भागलं तर १७६४ हर्ट्झ, ६३ ने भागलं तर १७३६. मधलं काही नाही. सगळ्यांत लहान श्रुतीहून मोठी फट. अतितार सप्तकात आप्पांची तान म्हणूनच जिना उतरताना पायरी चुकल्यासारखी आदळते, आणि त्या वेळी ते स्वतः मुद्दाम खोकतात.

हा खोकला बरोबर ओळखणारा एकच माणूस खानदेशात आहे. तो धुळ्याला राहतो.

धुळ्याचे सर निवृत्त विज्ञान शिक्षक. त्यांचं यंत्र बीबीसी मायक्रो. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांत कॉम्प्युटर नेण्यासाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला, त्यात देशभरच्या निवडक शाळांना ही यंत्रं मिळाली. सरांना प्रशिक्षणाला पाठवलं गेलं. यंत्राला वेगळी खोली, खोलीला पडदे, पडद्यांना कुलूपबंद दार, दाराबाहेर चपलांचा ढीग. आठवड्यातून एका तासाला मुलं पावलं न वाजवता आत जायची आणि एकेक कळ दाबून बाहेर यायची. मग काळ पुढे गेला. यंत्रं डेड स्टॉक रजिस्टरात म्हातारी झाली, एका जूनमध्ये त्यांचं रीतसर निर्लेखन झालं आणि भंगाराच्या लिलावात पंखे, बाकं आणि घंटा यांच्यासोबत एक यंत्र सरांनी बोलीवर सोडवून आणलं. लिलावाची पावती फ्रेममध्ये आहे. शेजारी लग्नाचा फोटो आहे, तो जरा लहान आहे.

सरांच्या यंत्रात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एसएन ७६४८९ ही चिप. तीन सूर, एक खरखर. म्हणजे आस्थापना आप्पांच्याइतकीच. तरी दोघांचं जमत नाही. सरांच्या यंत्रावरच्या बेसिक भाषेत सप्तकाचे ४८ भाग आहेत, प्रत्येक अर्ध्या स्वराचे चार. "बावीस श्रुती घ्या," सर म्हणतात, "वर सव्वीस शिल्लक." शिवाय एन्व्हलप नावाची एक आज्ञा, जिच्यात सुराने जन्मापासून मरेपर्यंत कसं वागायचं ते १४ आकड्यांत सांगायचं असतं. आप्पांच्या चिपमध्ये चढउताराची अशी सोय तिन्ही सुरांना मिळून एकच आहे. सर त्यावर बोट ठेवतात. "तीन सूर अन् एकच एन्व्हलप? तुमच्या लेखापरीक्षणात बसतं हे?"

आप्पांकडे याचं उत्तर तयार आहे. सरांची चिप १२२ हर्ट्झच्या खाली उतरत नाही. पुरुषाची पट्टी काळी एक धरली तर षड्ज १३८ च्या आसपास. तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचम, ती १०४ वर. शेवटचा खर्ज तर ६९ वर. म्हणजे चार तारांतली पहिली आणि शेवटची गैरहजर. उरली मधली जोड. "हा तानपुरा नाही सर," आप्पा गंभीरपणे म्हणतात, "हा कोरम नसलेली सभा आहे." सरांनी तोडगा म्हणून सगळे राग बायकांच्या पट्टीत चढवून पाहिले. काळी पाचला पंचम मिळाला. खर्ज साडेपाच हर्ट्झने हुकला. त्या साडेपाच हर्ट्झचा उल्लेख जळगावच्या बाजूने झाला की सर प्रमाण मराठी सोडतात. "तुमले काय समजस यामा!"

आता निष्पक्षपाती माणूस म्हणेल की एकाला वरचं जमत नाही, एकाला खालचं, तर दोघांनी मिळून वाजवावं. असं सुचवणाऱ्याकडे दोघेही एकाच वेळी, एकाच नजरेने बघतात. जळगाव-धुळे अंतर नव्वदेक किलोमीटर, मध्ये पाळधी, एरंडोल, पारोळा. पण चिपा जोडायला नेमकी कुठली वायर कुठल्या गावाच्या बाजूने जाईल, यावर बोलणी फिसकटली.

काकू या वादात सरांच्या बाजूच्या, कारण त्यांचं माहेर धुळं. सर आले की त्या "बठा सर" म्हणून शेवभाजी टाकतात. आप्पांच्या संगीताबद्दल त्यांचं मत पहिल्या दिवशी होतं तेच आहे: कुकरची शिट्टी अडकली की असंच वाजतं. मात्र एक सांगायला हवं. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा स्पेक्ट्रमच्या पोटातला रेग्युलेटर इतका तापतो की हात लावता येत नाही. अशा वेळी घरातला एकमेव कूलर यंत्राकडे तोंड करून असतो आणि त्याचं पाणी काकूच भरतात. भरताना बोलतात पुष्कळ. आप्पांचं लक्ष नसतं. कूलरची घरघर त्यांनी चौथ्या आवाजाच्या खात्यावर जमा धरलेली आहे. "फुकटचा नॉईज चॅनल," म्हणतात.

आता जरा न्यायाने बोलू. हा माणूस हसण्यासारखा आहे, पण त्याचा ‘धा’ ऐकावा. सबंध एक पावसाळा त्यांनी त्या धा-वर घातला. चौकोनी लहरीतून तबला काढायचा म्हणजे सूर वरून सुरू करून सेकंदाच्या दहाव्या भागात एकदम खाली घसरवायचा, त्याच्या तोंडावर खरखरीचा एक फटकारा मारायचा आणि तो इतक्या लवकर मिटवायचा की कानाला चामडं वाटावं, वाळू वाटू नये. ना वेगळा, तिं वेगळा, धिं वेगळा. प्रत्येकाचं घसरण्याचं कोष्टक निराळं. दुसऱ्या सुरावर तानपुऱ्याच्या तारा: सेकंदाला पन्नास वेळा सूर बदलून एकाच आवाजातून पंचम आणि षड्ज दोन्ही लावल्यासारखे. तिसऱ्यावर राग. आपल्या संगीतात एका वेळी एकच स्वर गातात, हा आप्पांच्या मते दूरदृष्टीने केलेला काटकसरीचा ठराव आहे. युरोपवाल्यांचे कमोडोर ६४ वरचे रॉब हबर्ड वगैरे मोठे लोक. त्यांच्या सिड चिपलाही सूर तीनच. पण त्यांना बिचाऱ्यांना त्यात कॉर्ड बसवावे लागायचे. "आपल्याकडे तीन आवाज म्हणजे एक शिल्लकच."

सरांनी एकदा त्यांना चरणजित सिंग यांची गोष्ट सांगितली. मुंबईच्या या वादकाने १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर रोलँडच्या यंत्रांतून वाजवून तबकडी काढली. तेव्हा ती फारशी कोणी घेतली नाही आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक थक्क झाले, की आमच्या अ‍ॅसिड हाऊस संगीताच्या आधी हे मुंबईत कसं? आप्पांनी सगळं ऐकून घेऊन एकच प्रश्न विचारला. "यंत्रं किती?" सर म्हणाले, तीन. "अ वर्ग," आप्पा म्हणाले.

आप्पांचं दुःख वेगळंच आहे. त्यांचा भैरव ऐकून चाळिशीच्या आतला कोणताही माणूस म्हणतो, "अरे, मारिओ!" नव्वदच्या दशकात खानदेशात घरोघरी टीव्हीला लावायचे व्हिडिओ गेम आले, समुराई, मीडिया, लिटल मास्टर. जपानच्या निन्टेन्डोच्या यंत्रावरून बेतलेले. त्यांच्या पोटातही तसलेच मोजके चार-पाच आवाज. एक अख्खी पिढी उन्हाळ्याच्या सुट्टीत ते ऐकत मोठी झाली. कोजी कोंडो यांची मारिओची चाल त्या पिढीला पसायदानाच्या बरोबरीने पाठ आहे. त्यामुळे चौकोनी लहर कानावर पडली की गोलाणी मार्केटमधला मोबाईल दुरुस्त करणारा पोरगा, बँकेतला अधिकारी, डॉक्टर, सगळ्यांचे अंगठे हलायला लागतात. आप्पा तोडी लावोत, मारवा लावोत. मारिओ.

साठीच्या वरच्यांचं दुसरंच. त्यांना दाराची बेल ऐकू येते. त्या बेलमध्ये यूएम६६ नावाची तीन पायांची चिमुकली चिप असायची, ६४ स्वरांची चाल पोटात घेऊन. पुढे गाडी मागे घेताना वाजणाऱ्या भोंग्यांनीही तोच वसा घेतला. बीथोवनची एक चाल जळगावात मोटारी रिव्हर्स घेता घेता लोकप्रिय झाली आहे. आप्पांनी समेवर येऊन मान वर केली तर समोरचे आजोबा दार उघडायला उठलेले असतात.

तरीही आप्पांचा जाहीर कार्यक्रम झाला. पारोळ्याला भाचीचं लग्न होतं. आदल्या रात्री हळदीला डीजे. आप्पांनी हळदीचं एक जुनं अहिराणी गाणं तीन आवाजांत बसवलं होतं आणि भाचीचा बाप भिडस्त होता. धुळ्याचे सरही आले होते, निमंत्रण मुलाकडचं. ते पहिल्या रांगेत, मांडीवर आहेराचं पाकीट, चेहऱ्यावर १२२ हर्ट्झचं हसू.

डीजेवाला पोरगा हुशार होता पण त्याला कॅसेट कशाशी खातात ते माहीत नव्हतं. स्पेक्ट्रममध्ये प्रोग्रॅम भरायचा म्हणजे टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून तिचा आवाज यंत्राला ऐकवायचा. आधी एक लांब शिट्टी, मग कर्कश चिरकणं, तेच आकडे. तीनेक मिनिटं चालतं, आणि जाणते लोक त्या वेळी आवाज बंद ठेवतात. पोराने यंत्राची वायर मिक्सरला लावायच्या ऐवजी टेपरेकॉर्डरची लावली. आप्पांनी कळ दाबली आणि अठरा इंची स्पीकरांच्या भिंतीतून पारोळ्यावर ती शिट्टी गेली.

मंडप क्षणभर थांबला. मग चिरकणं सुरू झालं आणि मागून कोणीतरी शीळ घातली. पोराने सवयीने खालून ठेका सोडला. पुढची तीन मिनिटं जे झालं ते आप्पांनी डोळ्यांनी पाहिलं आणि अजून मान्य केलेलं नाही. नवरदेवाचे मित्र नाचले. मावश्या नाचल्या. पिवळ्या हातांनी नवरी नाचली. मिळून सगळ्यांनी इतकी जमीन हादरवली की टेबलावरचा टेपरेकॉर्डर थरथरला, कॅसेटचा वेग डगमगला आणि टीव्हीवर ओळ आली: आर टेप लोडिंग एरर. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आप्पा कॅसेट मागे फिरवू लागले तसा मंडपातून ओरडा झाला, "वन्स मोर!" दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा सरांनी उठून टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला, आहेराच्या पाकिटासकट, आणि हलू न देता धरून बसले. धुळ्याने जळगावसाठी एवढं केल्याची दुसरी नोंद नाही.

प्रोग्रॅम भरला. हळदीचं गाणं सुरू झालं. तानपुरा लागला, धा वाजला, सूर खालच्या सप्तकात नीट हलला. लोकांनी घाम पुसला, मध्यंतर समजून वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याकडे गेले. मंडपात उरले आप्पा, सर आणि एक लहान मुलगा. मुलगा म्हणाला, "मारिओ."

सर मात्र भलत्याच गोष्टीने पछाडले होते. मंडपाच्या कोपऱ्यात भजनी मंडळाची पेटी होती. ते तिच्यावर ती लांब शिट्टी शोधत बसले. सापडेना. पांढरी एकचा षड्ज धरला तर पंचमाच्या वर, कोमल धैवताच्या खाली. आप्पांनी बिलाच्या पाठीमागे भागाकार मांडला. ३५ लाख भागिले २१६८ दुणे. आले ८०७. पंचम ७८४, कोमल धैवत ८३१. शिट्टी दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध. पाव स्वर. सगळ्या यंत्रांतून, सगळ्या कॅसेटींतून, जगभर पोरांनी गेम सुरू व्हायची वाट बघत तो ऐकला होता. दोघांनी पेटीचा भाता सोडला.

तेवढ्यात डीजेवाला आला. "आप्पा, ते पहिलं गानं भलतं भारी से. पेनड्राइव्हमा द्या ना. पैसे देस." त्याने पाचशेची नोट पुढे केली. संगीताची आप्पांची ही पहिली कमाई. आप्पांनी नोट उजेडात धरून तपासली आणि खिशातून पावतीपुस्तक काढलं. निवृत्तीनंतरही ते जवळ बाळगतात. नाव लिहिलं, तारीख लिहिली, तपशिलाच्या रकान्यात पेन थांबलं. बरंच थांबलं. मग त्यांनी लिहिलं: आवाज, नग एक.

सरांनी वाकून वाचलं. "एक कसा? आधी हेडर, मग डेटा. दोघांना आपापली शिट्टी. दोन नग."

"कॅसेट एक आहे."

"कॅसेट एक असेल, ब्लॉक दोन आहेत. कायम घाईच करता तुम्ही."

"मग दर काय लावायचा? हेडर पाच सेकंदांचा, डेटा तीन मिनिटांचा. अडीचशे-अडीचशे लावले तर उद्या कोणी आक्षेप काढेल."

"वजनाप्रमाणे लावा. बाइटवर."

डीजेवाल्याने एकदा या तोंडाकडे पाहिलं, एकदा त्या. मग खुर्ची ओढून बसला. आप्पांनी पावतीवर ‘रद्द’ लिहून सही केली आणि सरांना विचारलं, हेडरचे बाइट सतरा धरायचे की खुणेचा एक आणि तपासणीचा एक मिळून एकोणीस.